चालू तासांचा करार: युद्धरेषेजवळच्या एका फिरत्या दवाखान्याच्या उपग्रह जोडणीचं प्रकरण

हे प्रकरण नागपूरच्या एका कंपनीचं आहे. कंपनीचं, तिला काम देणाऱ्या संस्थेचं, गावांचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. गाड्यांचे क्रमांक आणि काही महिनेही बदलले आहेत. मी त्या कंपनीत नोकरीला नाही. सगळं निस्तरल्यावर लॉग (यंत्रांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी), पत्रव्यवहार आणि बैठकांची टिपणं वाचून प्रकरण लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं.

पार्श्वभूमी

परसोडीच्या आयटी पार्कमधली ही कंपनी तशी लहानच. टेलिमेडिसिनचं, म्हणजे दुरून डॉक्टरी सल्ला मिळवायचं ॲप बनवते आणि सांभाळते. तिचं नाव झालं ते गडचिरोलीच्या कामामुळे. भामरागड, एटापल्लीकडच्या आरोग्य केंद्रांसाठी तिने असं ॲप केलं होतं की रेंज नसली तरी ईसीजी, जखमेचा फोटो, रुग्णाची माहिती फोनमध्येच साठून राहते आणि रेंज आली की आपोआप पुढे जाते. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटला की या ॲपचा कस लागायचा. याच कामाच्या जोरावर २०२४ मध्ये एका युरोपीय मदत संस्थेने कंपनीला काम दिलं.

संस्थेचे फिरते दवाखाने युक्रेनच्या पूर्व भागात चालतात. प्रत्येक व्हॅनमध्ये एक डॉक्टर, एक नर्स, एक ड्रायव्हर. लढाईच्या रेषेपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या गावांत आता बहुतेक म्हातारी माणसंच उरली आहेत. त्यांचा बीपी, साखर, जुन्या जखमा बघायच्या आणि अडलं तर मागच्या शहरातल्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं. तिथे फायबर तुटलेलं, मोबाइलचे टॉवर कधी चालू कधी बंद. म्हणून प्रत्येक व्हॅनच्या टपावर कमी उंचीवरच्या उपग्रहांशी बोलणारं टर्मिनल, म्हणजे इंटरनेटची डिश बसवलेली, बाजारात मिळते तीच.

ॲप आणि जोडणी या दोन्हींची देखरेख नागपूरकडे. तिकडची घड्याळं हिवाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे, त्यामुळे रात्री उशिराची पाळी ठरलेली. ऑफिसच्या भिंतीवरच्या टीव्हीवर सगळ्या व्हॅन नकाशावर हिरव्या ठिपक्यांनी दिसायच्या. ठिपका लाल झाला की ड्युटीवरच्या पोराने फोन फिरवायचा.

करारात एक कलम होतं: प्रत्येक टर्मिनल महिन्यातला किमान ९८ टक्के वेळ ऑनलाइन पाहिजे, त्याखाली गेलं तर बिलातून कपात. आयटीच्या धंद्यात असं कलम सर्रास असतं. सही करताना त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. पुढचं बरंचसं प्रकरण याच कलमाभोवती फिरतं.

अडचण

दिवाळीनंतर दोन गावांच्या परिसरात जोडणी तुटायला लागली. आकाश मोकळं, आडवं झाड नाही, भिंत नाही, तरी टर्मिनल उपग्रह शोधत बसलेलं. आधी केबलवर संशय गेला, मग कनेक्टरवर. नवीन केबल पाठवली, फरक पडला नाही.

मग एका संध्याकाळी ड्युटीवरचा पोरगा टीम लीडला हाक मारत उठला, "दादा, तीन नंबरची गाडी उडून राहिली!" व्हॅनचा ठिपका शेतातून निघून काही सेकंदांत शेकडो किलोमीटरवरच्या एका विमानतळाच्या धावपट्टीवर जाऊन बसला होता. ड्रायव्हरला फोन लावला तर व्हॅन जागेवरच, आत नर्स कोणाचं तरी ड्रेसिंग करत होती. टर्मिनलच्या लॉगमध्ये त्याच वेळी जीपीएस उपग्रहांची संख्या शून्यावर, मग एकदम वाढलेली, मग पुन्हा शून्यावर.

त्यानंतरच्या आठवड्यात एका गावात दवाखाना चालू असताना वर ड्रोन बराच वेळ घिरट्या घालत राहिला. व्हॅन निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी त्याच आवारात स्फोट झाला. जीवितहानी झाली नाही. तो डिशमुळे झाला की आणखी कशामुळे, हे सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं. पण ड्रायव्हरने संस्थेच्या समन्वयक बाईंना जे सांगितलं ते बैठकीच्या टिपणात आहे: या भागात टपावर अशी डिश फक्त दोघांच्याच गाड्यांवर असते, फौजेच्या आणि आपल्या.

नेमकं काय होत होतं

नागपूरच्या टीमचा पहिला अंदाज असा होता की शत्रूपक्ष उपग्रहाची लहरच दाबतोय. तसं होऊ शकतं. मे २०२४ मध्ये रशियाने खारकीवच्या उत्तरेला नवी आघाडी उघडली तेव्हा युक्रेनी तुकड्यांच्या स्टारलिंक (इलॉन मस्क यांच्या कंपनीची उपग्रह इंटरनेट सेवा) जोडण्या मंदावल्या आणि तुटल्या, आणि युक्रेनने त्याचं खापर रशियन जॅमिंगवर, म्हणजे लहर दाबण्यावर फोडलं होतं. पण लॉग वेगळं सांगत होते.

अशी टर्मिनलं साधारण १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झवर ऐकतात आणि १४ ते १४.५ गिगाहर्ट्झवर बोलतात. वरचा उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर, ताशी २७ हजार किलोमीटरच्या वेगाने पळणारा. टर्मिनल आपला झोत त्याच्यावर रोखतं आणि काही सेकंदांनी दुसऱ्या उपग्रहावर वळवतं. झोत अरुंद आणि वरच्या दिशेला असल्यामुळे जमिनीवरच्या जॅमरला बाजूने आत शिरायला मोठी ताकद लागते. अशक्य नाही, पण सोपंही नाही.

मात्र त्याच डिशमध्ये एक जीपीएस रिसीव्हरही असतो. आपण कुठे आहोत आणि वेळ काय झाली हे कळल्याशिवाय कोणता उपग्रह कुठे सापडेल याचा हिशेब टर्मिनलला मांडता येत नाही. जीपीएसचे उपग्रह २० हजार किलोमीटरच्या वर. त्यांची लहर जमिनीवर पोचेपर्यंत इतकी क्षीण होते की ती बुडवायला लहानसा जॅमरही पुरतो. युद्धक्षेत्रात ड्रोन आणि क्षेपणास्त्रं भरकटवायला दोन्ही बाजूंनी जीपीएसवर सतत मारा चालू असतो, कधी लहर बुडवून, कधी खोटी जागा दाखवून. म्हणजे आपल्या व्हॅनच्या मागे कोणी हात धुऊन लागलं होतं असं नाही. दुसऱ्यासाठी केलेल्या धुरात आपले डोळे चुरचुरत होते.

टीमने यावर तपासाची एक रीत बसवली, आणि मला वाटतं या प्रकरणातलं सर्वात उपयोगाचं काम हेच. एकच व्हॅन गेली आणि जीपीएस शाबूत असेल तर आडोसा, बर्फ किंवा केबल बघा. जीपीएस गेलं किंवा ठिपका उडायला लागला तर टर्मिनलला जीपीएस सोडून उपग्रहजाळ्याच्याच आधाराने जागा ठरवायला सांगा. ती सोय सेटिंगमध्ये होती, कोणी वापरली नव्हती. जीपीएस ठीक, आकाश मोकळं आणि तरी जवळजवळच्या व्हॅनचे सिग्नल एकत्र खालावले तर उपग्रहाच्या लहरीवरच गोंगाट आहे असं समजा आणि जागा सोडा. मागच्या शहरातल्या कार्यालयासकट सगळंच एका वेळी गेलं तर बिघाड सेवा देणाऱ्याकडे आहे, व्हॅन हलवू नका.

सेटिंग बदलल्यावर त्या दोन गावांतल्या बहुतेक तक्रारी थांबल्या. जॅमिंगचा प्रश्न बऱ्यापैकी मिटला. दिसण्याचा प्रश्न तसाच राहिला.

दिसण्याचा प्रश्न

झोत वर जातो म्हणून बाजूला काहीच सांडत नाही असं नसतं; थोडी ऊर्जा कडेने गळतेच. पण लॉग आणि फोटो एकत्र ठेवून पाहिले तेव्हा कळलं की शोधणाऱ्याला एवढी बारीक यंत्रणा लागलीच नसती. राउटरचं वायफाय कारखान्यातून आलेल्या नावानेच चालू होतं, म्हणजे जवळून जाणाऱ्या कुठल्याही फोनला किंवा ड्रोनला टर्मिनल बनवणाऱ्या कंपनीचं नाव वाचता येत होतं. बर्फ वितळवायला डिश स्वतःला गरम ठेवते. थंड टपावरचा तो गरम चौकोन थर्मल कॅमेऱ्यात उठून दिसणारच. टर्मिनल रात्रभर चालू ठेवायचं म्हणून जनरेटर रात्रभर चालू, त्याची उष्णता आणि आवाज वेगळा. व्हॅन रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी. आणि व्हॅनचा ठिपका दाखवणारा तो नकाशा साध्या पासवर्डवर उघडत होता. त्याचे स्क्रीनशॉट संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडत होते, ग्रुपमध्ये काम सोडून गेलेलेही होते.

यातलं काहीच नवीन नाही. २१ एप्रिल १९९६ ला चेचेन नेते झोखर दुदायेव सॅटेलाइट फोनवर बोलत असताना क्षेपणास्त्राने मारले गेले, तेव्हापासून हा धडा सगळ्यांना पाठ आहे. मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात खुद्द इलॉन मस्क यांनीही युक्रेनमधल्या वापरकर्त्यांना जाहीरपणे सांगितलं होतं: टर्मिनल लागेल तेव्हाच चालू करा आणि अँटेना माणसांपासून शक्य तेवढी दूर ठेवा. व्हॅनच्या टपावर बसवलेली, चोवीस तास चालू डिश या दोन्ही सूचनांच्या बरोबर उलट होती. तशी ती का ठेवली गेली, याचं उत्तर ९८ टक्क्यांच्या कलमात होतं. बंद केली की ठिपका लाल, लाल झाला की कपात.

पर्याय

पहिला प्रस्ताव नागपूरहून गेला: प्रत्येक व्हॅनला दुसरं टर्मिनल. चालू तास वाढले असते, आणि दिसणंही दुप्पट झालं असतं. समन्वयक बाईंनी तो एका ओळीत परत पाठवला.

दुसरा, भूस्थिर उपग्रहावरची जुन्या पद्धतीची व्हीसॅट डिश. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर एका जागी, त्यामुळे डिश मोठी, दिशा ठरलेली, उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त. शिवाय २४ फेब्रुवारी २०२२ ची आठवण ताजी होती. युद्ध सुरू झालं त्याच सकाळी व्हायासॅट या कंपनीच्या केए-सॅट या उपग्रह इंटरनेटच्या जाळ्यावर सायबर हल्ला झाला आणि हजारो मोडेम निकामी झाले. जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचीही दूरदेखरेख तुटली. हल्लेखोर आत शिरले ते व्यवस्थापनाच्या जाळ्यातल्या चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या व्हीपीएनमधून (दुरून जाळ्यात शिरायची राखीव वाट). लहर दाबायची गरजच पडली नव्हती.

तिसरा, लपायचं. फौजेचे लोक डिश खड्ड्यात ठेवतात, जाळी टाकतात. इथे बैठक सर्वात लांबली. दवाखान्याला लपून कसं चालेल? वैद्यकीय ओळखचिन्ह टपावर मोठं रंगवायचं ते दिसावं म्हणूनच. युद्धातल्या दवाखान्यांना १९४९ च्या जिनिव्हा करारांनी दिलेलं संरक्षण समोरच्याला ओळखू येतं ते त्या चिन्हावरून. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनमधल्या आरोग्यसेवेवर झालेल्या २,००० हून जास्त हल्ल्यांची नोंद जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. चिन्हावर सगळा भरवसा टाकावा अशी परिस्थिती नाही, आणि चिन्ह झाकावं तर दवाखाना फौजेच्या गाडीसारखाच दिसणार.

चौथा पर्याय नागपुरातूनच आला, जरा आडवाटेने. टीममधल्या एकीचे मामा लष्कराच्या सिग्नल्समधून (संदेशवहनाच्या दलातून) सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, कामठी रोडला राहतात. त्यांना एका रविवारी ऑफिसात बोलावलं. त्यांनी भिंतीवरचे हिरवे ठिपके पाहिले, करार वाचून घेतला आणि म्हणाले, "सेट चालू ठेवाचा पगार नसते बाप्पा. निरोप पोचवाचा पगार असते." कमी बोला, लवकर बोला, बोलून झालं की जागा सोडा, हा त्यांचा सल्ला. राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय ज्या शहरात उभं राहिलं, त्या शहरातल्या आयटीवाल्यांना ही गोष्ट मामांकडून कळावी, याचं मला थोडं नवल वाटलं.

निर्णय

दोन गोष्टी वेगळ्या करायच्या ठरल्या. गाडी दवाखाना म्हणून दिसली पाहिजे, म्हणून चिन्ह तसंच राहणार. रेडिओच्या नजरेला मात्र ती शक्य तितका वेळ गप्प असली पाहिजे. टर्मिनल दिवसातून काही वेळाच चालू होईल, त्याही रोज बदलत्या. थेट व्हिडिओ बंद. गडचिरोलीसाठी केलेलं साठवून पाठवायचं ॲप इथेही मुख्य मार्ग होईल.

यासाठी करार बदलणं भाग होतं, आणि खरा वेळ त्यातच गेला. संस्थेच्या खरेदी विभागाला वाटलं कंपनी कमी कामाचे तेवढेच पैसे मागतेय. कंपनीच्या हिशेबनीसाला वाटलं आपण स्वतःहून कपात ओढवून घेतोय. शेवटी मोजमापच बदललं: टर्मिनल किती तास चालू होतं हे न मोजता, रुग्णाची फाइल तयार झाल्यापासून ठरलेल्या वेळेत तज्ज्ञापर्यंत पोचली का, ते मोजायचं. तातडीच्या फाइलींना चार तास, बाकीच्यांना दुसऱ्या दिवशीची सकाळ. सही होईपर्यंत दोन महिने व्हॅन जुन्याच पद्धतीने चालल्या. फक्त समन्वयक बाईंनी आपल्या जबाबदारीवर रात्री टर्मिनल बंद ठेवायला सुरुवात केली होती आणि त्या दोन महिन्यांची कपात कंपनीने मुकाट सोसली.

अंमलबजावणी

डिश टपावरून उतरली. सोबतच्या केबलला पुरेल तेवढी, म्हणजे सुमारे पंधरा मीटर, व्हॅनपासून लांब ठेवायची, माणसं थांबतात त्या बाजूच्या विरुद्ध. वायफाय बंद, लॅपटॉपला सरळ वायर. डिश गरम करायची सोय बंद, बर्फ झाडूने झाडायचा. यावर ड्रायव्हर मंडळींची कुरकुर अजून चालू आहे. उणे तापमानात केबल कडक होऊन दोनदा तुटली, तेव्हा जादा केबल सोबत देण्यात आली.

नागपूरच्या बाजूला ॲपमध्ये क्रम लावला: आधी मजकूर, मग ईसीजी, मग लहान केलेला फोटो, मोठा फोटो सर्वात शेवटी. जोडणी मध्येच तुटली तरी तज्ज्ञाच्या हाती निर्णयापुरतं काहीतरी पडतं. भिंतीवरचा नकाशा काढून टाकला. व्हॅनचा माग आता व्हॅनमध्येच नोंदवला जातो आणि मुक्कामाच्या शहरात परतल्यावर उतरवला जातो. व्हॉट्सॲप ग्रुपही मोडीत काढला.

सर्वात अवघड निघालं ते वेगळंच. लॉगमधली सर्वाधिक वाहतूक दवाखान्याची नव्हतीच. संध्याकाळी सात ते दहा घरच्यांशी चालणारे व्हिडिओ कॉल होते. दिवसभर त्या गावांत काम करून आलेल्या नर्सला मुलाशी बोलू नको म्हणून कोणी सांगायचं? नागपूरने सांगितलं नाही, संस्थेच्या मुख्यालयानेही नाही. समन्वयक बाई स्वतः प्रत्येक व्हॅनसोबत एक मुक्काम करून आल्या. मग ठरलं की गावात मुक्काम करायचाच नाही, रोज मागे यायचं, आणि घरचे कॉल शहरातल्या कार्यालयातून. प्रवास वाढला, दिवसाला बघायचे रुग्ण कमी झाले.

परिणाम

नव्या मोजमापावर कंपनीला अजून कपात बसलेली नाही. टर्मिनलचे चालू तास खूप खाली आले, जनरेटरचं डिझेल वाचलं. वाटेत खरी किंमतही मोजावी लागली: छातीत दुखणाऱ्या एका आजोबांचा ईसीजी साठून पडला होता, पुढची वेळ यायला तीन तास होते. व्हॅनमधल्या डॉक्टरने मत न मागवता त्यांना थेट शहरातल्या रुग्णालयात पाठवलं. निर्णय बरोबर ठरला, पण त्यानंतर नियमात भर पडली की जीवावर बेतलं असेल तर डॉक्टर कधीही टर्मिनल चालू करू शकतो, आणि केलं की काम होताच व्हॅनने जागा सोडायची.

तपासाच्या रीतीची परीक्षा २४ जुलै २०२५ ला झाली. तिकडे रात्रीचे दहा, नागपुरात मध्यरात्र उलटलेली. शहरातल्या कार्यालयाचं टर्मिनल आणि उशिरा परतणाऱ्या एका व्हॅनचं, दोन्ही एकदमच गेली. पूर्वी अशा वेळी फोनाफोनी आणि व्हॅनची पळापळ झाली असती. ड्युटीवरच्या पोराने रीत बघितली, जीपीएस तपासलं, "सगळ्यांचंच गेलं दिसते, गाडी हलवू नका" असा मोबाइलवर मेसेज टाकला आणि वाट बघत बसला. सेवा देणाऱ्याच्याच आतल्या सॉफ्टवेअरच्या बिघाडाने जगभरची जोडणी सुमारे अडीच तास बंद होती.

काय वेगळं करता आलं असतं

जीपीएस नसताना टर्मिनल कसं वागतं हे पाठवण्याआधी सेटिंग वाचूनही कळलं असतं. केबल बदलण्यात गेलेले आठवडे वाचले असते.

थेट व्हिडिओ खरंच लागतो का, हा प्रश्न डॉक्टरांना आधी विचारायला हवा होता. नंतर विचारला तेव्हा बहुतेकांनी सांगितलं की स्पष्ट फोटो आणि नीट लिहिलेली माहिती त्यांना जास्त कामाची. व्हिडिओ देणगीदारांना दाखवायला बरा दिसतो म्हणून प्रस्तावात घातला गेला होता.

करारातलं मोजमाप ठरवताना व्हॅनमधलं एकही माणूस बैठकीत नव्हतं. ड्रायव्हर असता तर रात्रभर डिश चालू ठेवायचं कलम तिथेच अडलं असतं असं मला वाटतं, कारण रात्री व्हॅनजवळ झोपणारा तोच.

एक गोष्ट नव्या करारातही मोकळी राहिली आहे. टर्मिनल बंद करायचा शेवटचा शब्द कोणाचा हे त्यात लिहिलेलं नाही. व्यवहारात तो ड्रायव्हरकडे गेला आहे: वर आवाज ऐकू आला की तो वायर काढतो, मग डॉक्टरला सांगतो. उद्या एखादी तातडीची फाइल अशीच अडली तर त्याच्यावर ठपका येऊ नये म्हणून कंपनीने दोन ओळींची दुरुस्ती पाठवली आहे. ती संस्थेच्या कायदा विभागात आहे.